यास्मिन, तुझ्या नावामागे कोणीच नव्हतं

यास्मिन,

माणूस गेला की त्याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलायची आमच्याकडे पद्धत आहे. ते चार शब्द फार्मच्या ऑफिसात सगळ्यांचे बोलून झाले. मॅनेजर बोलला, स्टोअरचा मगदी बोलला, मीही बोललो. आज मी वेगळं बोलणार आहे. तुला जाऊन सोळा दिवस झाले. पहिला आठवडा मी रडलो. दुसरा आठवडा तुझ्यावर दातओठ खात काढला. जिवंत असतास तर तुझ्या क्लिनिकचं दार लाथेने उघडून आत आलो असतो. आणि तू डोकं वर न काढता म्हणाला असतास, "दत्ता, आधी चहा."

तुझी सुरुवातच मुळी फसवणुकीने झाली होती. सतरा वर्षांपूर्वी मी सांगलीहून सौदीतल्या अल खर्जच्या या गायींच्या फार्मवर येऊन दोन महिने झाले होते. शेडमधल्या पंख्यांचं आणि गायींवर पाण्याचा फवारा मारणाऱ्या पंपांचं काम माझ्याकडे होतं. एक दिवस बोर्डावर नोटीस लागली, बोस्नियाहून गुरांचे नवे डॉक्टर येत आहेत, डॉक्टर यास्मिन. सगळ्या फार्मवर हजारो गायी आणि बाईमाणूस एकही नाही. आम्ही क्लिनिक धुऊन काढलं. मगदीने स्वतःच्या खर्चाने खिडकीला पडदा लावला. आणि गाडीतून उतरलास तू, साडेसहा फूट उंच, छातीपर्यंत दाढी, पायात गमबूट. मगदीने त्याच दुपारी पडदा काढून घेतला. तिथे निदान तुझी चूक नव्हती.

तुझ्या नावाने तुला इथे किती छळलं, हे मी जवळून पाहिलं. मगदी इजिप्तचा, त्याच्या सख्ख्या बहिणीचं नाव यास्मिन. त्याने तुला जन्मभर "मॅडम" म्हटलं. दवाखान्यात तुझं नाव बायकांच्या बाजूला पुकारलं जायचं. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, बघणारा पोलीस आधी कार्डाकडे, मग तुझ्या दाढीकडे, मग पुन्हा कार्डाकडे बघायचा. तू मला बोटांवर मोजून समजावलं होतंस. शब्द इराणचा, फुलाचा. तो तुर्कांनी उचलला आणि त्यांच्याबरोबर तो तुमच्या डोंगरांत आला. तुमच्याकडे मुलगा झाला तर यास्मिन, मुलगी झाली तर यास्मिना. "फूल काय फक्त बायकांचंच असतं?" तू विचारायचास. कानात अत्तराचा बोळा घालून तालमीत जाणारे पैलवान मी लहानपणापासून पाहिलेले, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

पण हे झालं शब्दाचं. तुझ्यापुरतं कारण तू मला वेगळं सांगितलंस. ते सांगितलंस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मला इथे येऊन तिसरा महिना चालू होता. माझी मोठी बहीण, सुमनताई, गावाकडे तापाने आजारी पडली आणि आठ दिवसांत गेली. आई कामाला जायची, म्हणून तिनेच मला शाळेत सोडलं, तिनेच माझं शेंबडं नाक पुसलं, एजंटकडे पहिल्यांदा जातानाही तीच बरोबर होती. मी गेलो नाही. घरी कळवलं, कफील, म्हणजे इथला मालक, पासपोर्ट देत नाही. सगळ्यांनी इथल्या लोकांना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चौथ्या शेडचा पंप बंद पडला, गायी जिभा काढून धापा टाकायला लागल्या आणि तू मला शोधत आलास. पंपामागे मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो. आधी मी पंप चालू केला. मग तू बादली पालथी घालून माझ्यासमोर बसलास आणि मी जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते तुला सांगितलं. मला कोणी अडवलं नव्हतं. मी रजा मागितलीच नव्हती. नवीन माणूस तिसऱ्याच महिन्यात रजेवर गेला तर परत बोलावत नाहीत, असं कँपमध्ये कोणीतरी म्हणालं होतं, तेवढ्यावर मी गप्प बसलो.

अंगावर फवारा येत होता तरी सरकला नाहीस. मग म्हणालास, "दत्ता, माझं नाव माझं नाही."

तू सांगितलंस, तुझ्या आधी तुझ्या आईला एक मुलगी होती, यास्मिना. दोन वर्षांची होऊन गेली. आईच्या तोंडातून ते नाव जाईना. स्वयंपाक करताना, अंगणात कपडे वाळत घालताना ती हाक मारायची. मग तू झालास आणि तिने तेच नाव तुला दिलं. "तिला हाक मारायचं थांबवावं लागलं नाही," तू म्हणालास. "मी ओ देत राहिलो." हे कुणाला सांगू नकोस, असंही म्हणालास. आणि मी सांगितलं नाही, यास्मिन. पुढे वंदनाशी, माझ्या बायकोशी बोललो, तेही तुला विचारून. एकदा मगदी जेवणाच्या टेबलावर तुझ्या नावावरून फारच खालच्या पातळीवर उतरला, तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो. का, ते त्याला सांगता येईना. तू मला मागून धरलंस आणि तू हसत होतास. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे.

तीन वर्षांनी मला मुलगा झाला. वंदना तोवर इथे आली होती, आम्ही इथल्याच गावातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी म्हटलं, नाव सुमन ठेवायचं. आई फोनवर ओरडली, "पोराला बाईचं नाव? डोकं फिरलं का तुझं?" वंदना दोन दिवस बोलली नाही. मग मी तिला तुझ्या बहिणीची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली, डोळे पुसले आणि म्हणाली, "ठेवा."

बारशाला आत्या लागते. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं, आणि आमच्या बाळाला आत्या नव्हती, तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं. वंदनाच म्हणाली, "ज्यांच्यामुळे हे नाव ठेवतोय त्यांनाच बोलवा. तेच आमचे वन्सं." नवऱ्याच्या बहिणीला आमच्याकडे वन्सं म्हणतात. तुला ती कुठली तरी पदवी वाटली आणि तू मान झुकवलीस. पाळणा म्हणून आम्ही कपड्यांची टोपली सजवली होती. तू गुडघ्यांवर बसून तिच्यात डोकं घातलंस, दाढी बाळाच्या तोंडावर गेली, ते शिंकलं. आत्या नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. हे तुला सांगायचं आम्ही विसरलो. वंदना आणि शेजारच्या दोन मल्याळी नर्स तुझ्या पाठीवर तुटून पडल्या आणि तू टोपलीवर दोन्ही हात धरून ओरडलास, "नॉट द बेबी!" त्या दिवसाइतकं आम्ही या देशात कधीच हसलो नाही.

आत्याचा मान म्हणून वंदनाने तुला साडी दिली. हिरवी इरकल, सुमनताईला भाऊबीजेला द्यायला घेतलेली आणि द्यायची राहून गेलेली. आईला ती घरात बघवत नव्हती म्हणून वंदना ती इकडे घेऊन आली होती. तू ती दोन्ही हातांत धरून खाली उतरलास, जिन्यात मगदी भेटला तरी लपवली नाहीस.

हे सगळं मी का उगाळतोय, तुला कळलं असेल. सुमनला शाळेत जो त्रास झाला तो तुला माहीत आहे. पहिलीत त्याचं नाव मुलींच्या यादीत आलं, सहावीत पोरांनी त्याच्या दप्तराला रिबन बांधली. गणिताचे बंगाली सर एकटेच असे होते ज्यांना काही वाटलं नाही, त्यांच्याकडे सुमन हे पोराचंच नाव. घरी आला की हिंदीत भांडायचा, "बाबा, मेरा क्या फॉल्ट है?" दर वेळी मी तुझ्याकडे बोट दाखवायचो. बघ यास्मिन अंकलकडे, एवढा मोठा माणूस, बहिणीचं नाव छाती काढून मिरवतो. यंदा तो नववीत गेला. नववीत बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं, त्यानंतर नाव बदलणं म्हणजे डोकेदुखी. त्याने स्वतःच नाव शोधून ठेवलं होतं, आर्यन. मी तुला घरी बोलावलं, पिठलं-भाकरी घातली, आणि तू त्याला समोर बसवून ती गोष्ट सांगितलीस. अंगण, वाळत घातलेले कपडे, आईची हाक. सांगता सांगता तू रडलास. माझं पोरगं उठून तुझ्या गळ्यात पडलं. आठवतंय ना तुला? तिथे तरी थांबायचं होतंस.

तू क्लिनिकमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेलास. तुला इथेच पुरायचं, असं तुझ्या घरच्यांनी कळवलं. कब्रस्तानात मी आत आलो नाही, फाटकापाशी उभा राहिलो. मगदी हात झटकत बाहेर आला आणि म्हणाला, "खलास." मी विचारलं, दगडावर नाव कधी कोरणार? तो म्हणाला, इथे कोरत नाहीत, नुसता दगड असतो. ज्या नावासाठी तुला आयुष्यभर उत्तरं द्यावी लागली ते दगडावरही नाही, याचं मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

मग ऑफिसात सगळे जमलो. मगदी रडत होता. म्हणाला, मी त्याला इतकं चिडवलं, पण एकदा त्याने मला खरं कारण सांगितलं, फक्त मला. तुझ्या आधीचे दोन मुलगे जगले नाहीत, म्हणून तुझ्या आईने तुझं नाक टोचलं आणि नजर लागू नये म्हणून मुलीचं नाव ठेवलं. नाकावरची खूणही त्याने पाहिली होती म्हणे. मी ऐकतच राहिलो. अरे, ती माझ्या नथूमामाची गोष्ट! आमच्या आजीने नथूमामाचं नाक टोचलं होतं, मी तुला जेवताना सांगितलं होतं. मगदीचं संपतं न संपतं तोच फिलिपिनो रोलँडो म्हणाला, नाही नाही, सुईणीने अंधारात मुलगी झाली असं सांगितलं आणि वडील नाव लिहूनच आले, हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. तुझ्या मयताच्या बैठकीत आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. मी मनात म्हटलं, त्यांना थापा मारल्या. मला खरं सांगितलं.

तुझी खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं. सुमन बरोबर आला. तुझी बहीण आझ्रा व्हिडिओ कॉलवर होती, मी एकेक वस्तू दाखवायची आणि ती पाठवायची की वाटून टाकायची ते आझ्रा सांगणार. कपाटाच्या वरच्या फळीवर डांबरगोळ्या घातलेल्या पिशवीत ती हिरवी साडी निघाली. घडी मोडलेली नव्हती. आझ्रा पुढे झुकली. "हे बाईचं आहे. यास्कोची कोणी बाई होती का?"

यास्को. घरी तुला यास्को म्हणायचे. सतरा वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

मी तिला बारशाचं सांगितलं. सांगता सांगता म्हणालो, तुमच्या त्या लहानपणी गेलेल्या बहिणीमुळेच हे घडलं. ती म्हणाली, "कोणती बहीण?" मी म्हणालो, यास्मिना. ती म्हणाली, आम्ही दोघंच. मी मोठी, तो धाकटा. मग मी विचारलं, तर हे नाव का ठेवलं? ती म्हणाली, वडिलांना आवडलं म्हणून. तुझ्या वर्गात तीन यास्मिन होते. "आमच्याकडे यास्मिनला कोणी का विचारेल, तुझं नाव यास्मिन का?" एवढं बोलून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. माझ्या पोराने साडी खाटेवर ठेवली आणि तो बाहेर गाडीत जाऊन बसला.

यास्मिन, मला किती लागलं ते मी कसं सांगू? थाप मारलीस, ठीक आहे. चिडवणाऱ्याला काहीतरी सांगून गप्प करायचं, मीही केलं असतं. पण मी तुला चिडवलं नव्हतं. मी तुला माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगितली होती आणि तू बदल्यात मला खोटी बहीण दिलीस. खोटी, मेलेली, अंगणासकट. आणि मी त्या बहिणीच्या भरवशावर आईशी भांडलो, बायकोला रडवलं, पोराला चौदा वर्षं टोमणे खायला लावले.

गाडीत पोरगं पुढे बघत होतं. म्हणालं, "बाबा, ही लाइड टु मी. रडून." मी गाडी चालू केली. "आणि तुम्ही मला त्याच स्टोरीवर ठेवलंत." बोर्डाच्या रजिस्ट्रेशनचा कोरा फॉर्म डॅशबोर्डवरच होता. मी गाडी कडेला घेतली. तुला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून भलतंच निघालं. मी त्याला सांगितलं की कफीलाने पासपोर्ट अडवला वगैरे काही नव्हतं. मी रजा मागितलीच नव्हती. तुझ्यानंतर हे ऐकणारा तो दुसरा माणूस.

त्याने विचारलं, "आजीला माहितीये?"

"नाही."

"यास्मिन अंकलला माहिती होतं?"

"त्या दुपारीच सांगितलं होतं. त्यावरच तो ती गोष्ट बोलला."

"ओह," तो म्हणाला. एवढंच.

त्या "ओह"वर मी आठ दिवस विचार करतोय. मी रडत होतो, तुझ्याजवळ द्यायला काही नव्हतं, म्हणून तू हाताला आली ती थाप दिलीस. हे मला कळतं. कळून राग जात नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही, म्हणजे तुला बोलायचा मला हक्क किती, तेही कळतं. त्याने तर राग वाढतोच. आणि त्यातच हेही आठवतं की तुला माझी रजेची गोष्ट सतरा वर्षं माहीत होती आणि तू ती कुठल्याही भांडणात एकदाही बाहेर काढली नाहीस. मगदीला माझा नथूमामा विकलास, पण हे नाही विकलंस.

फॉर्मवर मी सही करून नावाची जागा कोरी ठेवली आणि पोराला म्हटलं, तू लिही, मी बघणार नाही. काल शेवटचा दिवस होता. शाळेत खिडकीपाशी हैदराबादचे एक सर फॉर्म घेत होते. मी मागे उभा होतो. सरांनी फॉर्म वाचला, मग पोराकडे पाहिलं, त्याला आता मिसरूड फुटलंय.

"सुमन? बेटा, ये लड़कियों वाला नाम किसने रखा?"

पोरगं सरळ उभं राहून म्हणालं, "सर, मेरी बुआ ने. वो साढ़े छह फुट की थी. बड़ी दाढ़ी थी. गायों की डॉक्टर थी."

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. सरांनी पेन खाली ठेवलं. "मज़ाक मत करो. सच बताओ."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. खिडकीत जाऊन मी म्हणालो, "सर, सच बोल रहा है. मैं वहीं था."

सरांचा काही विश्वास बसला नाही.